चाक वळवायचं नाही

४ ऑगस्ट, सोमवार. माउन

आले बाई एकदाची! अंगात नवा खाकी शर्ट, पायात नवे बूट आणि ताब्यात सफारी कंपनीचा अख्खा ट्रक. म्हणजे ट्रकच्या मागचा स्वयंपाकाचा कप्पा, पण तो माझ्या एकटीचा. सेरोवेच्या शाळेत पोरांना मक्याची उकड वाढून वाढून माझा उजवा हात डाव्यापेक्षा जाड झालाय. आता त्यालाही जरा जग बघू दे.

ही वही सेथुन्याने दिली. माझी लेक, वय नऊ, तोरा मुख्याध्यापिकेचा. तिचं फर्मान आहे की आईने रोज लिहायचं, कोणतं जनावर दिसलं तेही लिहायचं, आणि खोटं लिहिलं तर ती ओळखणार. पुढच्या शनिवारी घरी येते असं तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगून आलेय.

रस्ता असा: ख्वाई, सावुती, कासाने, आणि परत येताना डांबरी रस्त्याने नाटावरून. पाहुणे आठ, सगळे युरोपातले, सगळ्यांच्या टोप्या सारख्या. त्यातल्या हाइकेबाईंचा कॅमेरा एवढा मोठा की त्याला वेगळी सीट लागते. टिरो आमचा गाइड. पोरगा हुशार आहे, पण बोलायला लागला की विसावा नाही. आणि ड्रायव्हर म्बुलावामामा. टुटुमेकडचे, कालांगा जमातीचे, केस पांढरे, हसले की पोट आधी हलतं. सगळे त्यांना मामाच म्हणतात.

मामांची एक खोड आहे. माणूस भेटलं रे भेटलं की विचारणार, काय नाचतोस बाबा तू? हाइकेबाईंना वाटलं त्यांना नाचायला सांगताहेत, त्या उठूनच उभ्या राहिल्या. मग टिरोने समजावलं की हे कुळाचं जनावर. ज्याचं जे असेल ते त्याने मारायचं नाही, खायचं नाही, त्याच्या कातड्यावर पायसुद्धा द्यायचा नाही. मला मात्र मामांनी विचारलंच नाही. माउनच्या स्टँडवर चढले म्हणून त्यांनी मला इथलीच धरलं असावं. मीही कांद्याच्या पोत्याशी झटत होते, म्हणून ते राहूनच गेलं.

५ ऑगस्ट, मंगळवार. ख्वाईच्या वाटेवर

टायर फुटला, त्यात दुपार गेली. मग मामांनी मला पुढे बसवून घेतलं आणि गाडी हाकायचा धडा दिला, मी मागितलेला नसताना. म्हणाले, हत्ती आला तर थांबायचं, म्हैस आली तर थांबायचं आणि शिव्या गिळायच्या. पण लहान जनावर आडवं आलं तर चाक वळवायचं नाही. हात घट्ट, नजर पुढे, सरळ जायचं. मी म्हटलं, काय हो मामा, काळीज आहे का दगड? तर म्हणाले, काळीज आहे म्हणूनच सांगतोय. मागे आठ जीव बसलेत. सशाची दया येऊन चाक वळवलं की ट्रक पालथा. असे पालथे ट्रक त्यांनी खूप बघितलेत म्हणे, आणि त्यातली माणसं बाहेर ओढलीत.

धडा संपला नसेल तोच संध्याकाळी चाकाखाली धप्प झालं. मामांचे हात जागचे हलले नाहीत. थोडं पुढे जाऊन थांबले, टायर बघून येतो म्हणाले आणि मागे गेले. बराच वेळ लावला. माझ्या तिपायी भांड्याचं झाकण धक्क्याने सुटलं होतं, ते मी तारेने बांधलं, तरी ठणठण वाजतंच आहे. टिरो म्हणतो आता हॉर्नची गरज नाही, तुझं झाकण आलं की जंगल बाजूला होईल.

६ ऑगस्ट, बुधवार. ख्वाई

आज मला सुट्टी! पाहुण्यांना शेवया दिल्या, टिरो त्यांच्यातच जेवला. आमच्यासाठी मामांनी स्वतः सेस्वा केला. नुसतं मीठ घालून सकाळपासून उकळलेलं मटण, मग लाकडी दांडक्याने कुटून कुटून धागे केलेले. हे पुरुषांचंच काम. मी भांड्याजवळ फिरकले तर दांडकं उगारून म्हणाले, हो तिकडे, लग्नात बघितलं नाहीस का बायकांना लांब बसवतात ते?

नवीन माणसाला जेवू घालायची त्यांची रीत आहे म्हणे. एवढ्या वयाच्या माणसाने आपल्यासाठी दिवसभर धूर खाल्ल्यावर कसलं मटण म्हणून विचारणं म्हणजे त्यांच्या तोंडावर ताट मारणं. मी दोनदा वाढून घेतलं. इतकं कोवळं मटण मी कधी खाल्लं नव्हतं. सेथुन्यासाठी लिहिते: आज दिसलेली जनावरं हत्ती, पाणघोडा, आणि हाइकेबाई अंघोळीच्या रांगेत.

७ ऑगस्ट, गुरुवार. ख्वाई

बिबट्या! झाडावर, दिवसाढवळ्या, आमच्या छावणीच्या डोक्यावर. पाहुणे त्याच्या खाली जाऊन उभे राहिले, टिरो ओरडून थकला. बिबट्याने त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. मी लांब भांडी घासत होते. हाइकेबाई म्हणाल्या तो सारखा तुमच्याकडेच बघतोय, हलू नका, फार छान फोटो येतोय. मी हलले नाही. हलताच येईना, खरं सांगायचं तर.

तो गेल्यावर टिरोने पाठीवर थाप मारली, लेकीच्या नावाने हाक मारत म्हणाला म्मा-सेथुन्या, तू आमची नशीबवाली. हसले मी. पण रात्री मटण तोंडाजवळ नेलं तर उलटी आली.

८ ऑगस्ट, शुक्रवार. सावुती

आज जे झालं ते सेथुन्याला वाचून दाखवणार नाही.

ट्रकमधलं सामान उतरवताना जादा टायरमागे मीठ चोळलेलं एक कातडं सापडलं. गुंडाळलेलं होतं, मी उलगडलं. राखाडी. बकरीहूनही लहान. टोकाला चार काळे खूर, माझ्या अंगठ्याएवढे.

फुती. चाहूल लागली की झुडपात सूर मारणारं ते छोटं हरीण. आम्ही सेरोवेचे लोक फुती नाचतो. माझा बाप, त्याचा बाप, मी, माझी लेक. आमच्या घरात कुणी फुतीच्या वाटेवर जाळं लावत नाही. आणि मी दोनदा वाढून घेतलं.

मामांपुढे कातडं धरलं आणि सांगितलं. ते मटकन खाली बसले. मग म्हणाले, पोरी, मी जगाला विचारतो, तुलाच कसं नाही विचारलं? तू माउनला चढलीस, मला वाटलं तू माउनची. आणि तू तरी विचारायचंस ना गं, मामा, कशाचं मटण म्हणून! मी चिडले, म्हटलं तुमच्या ताटाला नावं ठेवू का? चूक कुणाची हे भांडून आता काय होणार होतं?

यावर इलाज एकच आहे. कुळातल्या वडीलधाऱ्याने राख आणि पाण्याने धुवावं लागतं. बाबा गेले, म्हणजे धाकटे काका. ते सेरोवेला. मामा म्हणाले माझे हात चालले असते तर आत्ता धुतलं असतं, पण माझं कूळ वेगळं. इथे फोन लागत नाही. अभयारण्यात पायी चालायला बंदी. टिरोला सांगावं तर चाकाखाली आलेलं सरकारी जनावर उचललं म्हणून मामा तुरुंगात जातील. कासानेपर्यंत कळ काढायची, एवढंच हातात आहे.

जेवणाच्या वेळी तरस आलं. मटणाच्या पेटीवरून उडी मारून गेलं, पेटी उघडी होती तरी. माझ्यासमोर येऊन बसलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

९ ऑगस्ट, शनिवार. सावुती

टिरोने आज मला बळेच इथल्या छावणीच्या जीपमध्ये पुढे बसवलं. म्हणे तू असलीस की जनावर येतं. मी नको नको म्हणतेय, तर पाहुणेच विनवू लागले, हाइकेबाईंनी तर माझे हात धरले. बाई चांगली आहे हो. तिला काय माहीत?

रानकुत्री आली. ठिपक्यांची, गोल कानांची, अख्खा कळप. पलीकडे इम्पाला हरणं चरत होती, शेकड्यांनी. कुत्र्यांनी तिकडे मान वळवली नाही. जीपभोवती बसली, सगळी माझ्या बाजूला. एकाने माझ्या बुटाला नाक लावलं आणि हळूच बूट चाटला. टिरो कुजबुजला, आयुष्यात असं पाहिलं नाही. हाइकेबाई रडत होत्या, आनंदाने. मीही रडत होते. त्यांनी माझा हात दाबला, त्यांना वाटलं आम्ही दोघी एकाच गोष्टीसाठी रडतोय.

संध्याकाळी टिरो सांगत आला की पाहुण्यांना इथे अजून राहायचंय, कंपनीची परवानगी घेऊन एक मुक्काम वाढवूया का. मामा त्याच्या अंगावर धावून गेले. टिरोला कळेना की म्हाताऱ्याला झालंय काय. शेवटी आधीच्या बेताप्रमाणे परवाच निघायचं ठरलं, म्हणजे उद्याचा दिवस इथेच.

१० ऑगस्ट, रविवार. सावुती

मामांनी मला ट्रकच्या पुढच्या भागात झोपायला दिलं, स्वतः खाली टायरला टेकून बसून राहिले. पहाटे टिरो टॉर्च घेऊन आला. उजेड माझ्या तोंडावर पडला आणि मी थांबले. म्हणजे सगळीच थांबले. डोळे मिटेनात, हात हलेना, हाक मारता येईना. त्याने टॉर्च बंद केल्यावर सुटले. तो हसला, म्हणाला, अगं, उजेडात सापडलेल्या हरणासारखी काय बघतेस?

सकाळी वरचा पुढचा दात उकडीत निघाला. दुखलं नाही.

तोंड धुवायला नळापर्यंत गेले, नवे बूट घालून गेले. परत येताना वाळूकडे बघितलं. ट्रकपासून नळापर्यंत खुरांच्या खुणा. जोडखुरी, बारीक, सुबक. बुटांची एकही नाही.

टिरोला रोज सकाळी पाहुण्यांना खुणा वाचून दाखवायची सवय आहे. तो यायच्या आत मी फांदीने वाळू झाडली. झाडताना मागे वळून बघायची हिंमत होत नव्हती. झाडत झाडत येत होते आणि माझ्या मागे परत उमटत होत्या.

११ ऑगस्ट, सोमवार. कासानेच्या वाटेवर

वाळूत ट्रक रुतला. सगळे उतरून ढकलत होते. झाडाखाली सिंहीण होती. कुणी बघितली नाही, मला आधी ऐकू आली, तिचा श्वास, एवढ्या लांबून. मी मामांचा शर्ट धरला. मामांनी मला आत ढकलून दार लावलं.

ती काचेशी येऊन उभी राहिली. काचेवर तिच्या श्वासाची वाफ. पाहुणे ट्रकवर चढून फोटो काढताहेत, टिरो हळू आवाजात माहिती सांगतोय. किती वेळ गेला माहीत नाही.

मामा म्हणाले उद्या कासाने. उद्या फोन. परवा पहाटेची पहिली बस पकड, मी टिरोचं बघून घेतो. आणि वाटेत कुठे अडकलीस तर त्याच रस्त्याने आम्ही मागून येतोय, जिथे असशील तिथून उचलतो. शपथ घेतली त्यांनी, स्वतःच्या आईची.

बोटं नीट वळत नाहीत. मधली दोन वळतात. बाकीची मागे राहतात.

१२ ऑगस्ट, मंगळवार. कासाने

फोन लागला. सेथुन्याने उचलला. मी म्हटलं, बाळा, मी. ती हॅलो हॅलो करत राहिली. मी ओरडले, सेथुन्या, आई बोलतेय! ती म्हणाली कोणीतरी आहे पण बोलत नाहीये, नुसतं नाक फुरफुरवतंय. आणि फोन ठेवला.

माझी पोरगी. माझा आवाज.

पुन्हा लावला. या वेळी धाकटे काका आले. मी बोलले, सगळं बोलले, माझ्या कानाला माझे शब्द नीट ऐकू येत होते. मग अगदी हळू म्हणाले, आमच्यापैकी आहेस. कोण आहेस ते कळत नाही, पण ये. मी राख काढून ठेवतो. जंगलाने येऊ नकोस, तिथे तुला जिवंत ठेवणार नाहीत. डांबरी रस्ता सोडू नकोस. काही झालं तरी डांबर सोडू नकोस.

मामांना विचारलं, मी बोलते ते तुम्हाला कळतंय का? मामांनी मान हलवली. मग जाऊन पाण्याचा पेला आणून दिला. पाणी मी मागितलंच नव्हतं.

१३ ऑगस्ट, बुधवार. बसमध्ये

बस मिळाली. जागा मिळाली. शेजारची बाई बाळाला घेऊन उठून मागे गेली. जाऊ दे. बाहेर पाट्या दिसताहेत, एकेक पाटी घराकडे. शनिवारच्या आधीच पोचेन.

गुरांचा रोग पसरू नये म्हणून घातलेलं सरकारी फाटक आलं. सगळ्यांनी उतरायचं, औषधाच्या ओल्या गोणपाटावरून चालायचं, पलीकडे परत चढायचं. नेहमीचंच. उतरते.

१३ ऑगस्ट. रस्त्यावर

गोणपाटावरून गेले. पुढे कोरडं सिमेंट. सगळ्यांचे ओले पाय उमटले — चपला, बूट, पोरांची अनवाणी पावलं.

फाटकावरचा साहेब हसला. बकरी कोण घेऊन चाललंय रे, फाटकातून जनावर न्यायला बंदी आहे माहीत नाही का? ओल्या खुणांवरून बघत बघत आला. खुणा संपल्या तिथे मी उभी. हसू गेलं त्याचं.

मी म्हटलं, साहेब, मी म्मा-सेथुन्या, शाळेत उकड वाढते — त्याचं कुत्रं सुटलं —

पाय माझे नव्हते. सूर मारला. सरळ काट्यांत.

कुत्र्याचा आवाज थांबल्यावर बाहेर आले. बस गेलेली. फाटक कुठल्या कुठे मागे. बूट कुठे पडले. वही शर्टात होती.

डांबरावर बसले आहे. काका म्हणाले डांबर सोडू नकोस. ऊन उतरलं. दोन्ही बाजूंच्या गवतात काहीतरी आहे — बसलेलं — माझ्याबरोबर थांबलेलं. डांबरावर येत नाही. म्हणजे काका बरोबर —

पेन्सिल दोन बोटांत. नीट धरवत नाही.

सेथुन्या, आज दिसलेली जनावरं —

ठणठण.

झाकण! माझं झाकण. लांब आहे अजून, पण माझंच. मामा! टायर फुटला असेल, उशीर झाला असेल, पण आले. शपथ घेतली होती. उचलणार मला.

दिवे दिसले.

मधोमध उभी राहते, म्हणजे दिसेन. हात वर करते —

हात वर होत नाही. उजेड पडला. पाय —

मामा, मी आहे. मामा, मी —

ओळखतील. ओळखतील. मागे आठ जीव —

सरळ येतोय ट्रक. अगदी सरळ, शिकवलं तसा —